काचबिंदूच्या चिठ्ठीचा हिशेब कुणाकडे?

आमच्या गावाकडच्या फ्रिजच्या दारात, अंडी ठेवायच्या कप्प्यात, स्टीलची एक छोटी डबी असते. तिच्यात अण्णांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असते. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ऑइलचा डबा असो की ग्रीसचा, उघडला की त्यावर तारीख टाकायची, ही तिथली सवय त्यांनी घरीही सोडलेली नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो असताना सहज ती डबी उघडली, तर बाटलीवर बॉलपेनने टाकलेली तारीख अडीच महिन्यांपूर्वीची होती. बाटली २.५ मिलिलिटरची. तिच्यात साधारण ८० थेंब असतात. दोन डोळ्यांना रोज रात्री एकेक थेंब म्हणजे महिन्याला ६०. एखादा थेंब गालावर जात नाही असं धरलं तरी बाटली सव्वा महिन्यात संपायला हवी. शिवाय अशी बाटली उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत टाकून द्यायची असते. मी विचारलं तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "सांगा की त्याला." मग म्हणाले, "एक दिवस उजवा, एक दिवस डावा. तेवढंच परवडतंय बघ."

अण्णांना ईपीएस-९५ची पेन्शन मिळते, तीन हजारांच्या आत. तीन बाटल्यांचं महिन्याचं बिल १,४०० रुपयांच्या वर जात होतं. मी पैसे पाठवत होतो, पण ते पैसे घरात कुठे कुठे जिरत होते हे मला त्या दिवशी कळलं. बापाने डोळ्याचं औषध कमी घालून नातीच्या क्लासची फी भरावी आणि ते मुलाला कळू नये, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

त्या रात्री मी त्यांची फाइल काढून सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. पहिल्या भेटीत एक बाटली लिहिलेली. चार महिन्यांनी डोळ्याचा दाब २४, म्हणून सकाळ-संध्याकाळची दुसरी बाटली. पुढच्या भेटीत दाब २६, म्हणून तिसरी. डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक पायरी बरोबर आहे: दाब उतरत नाही, औषध वाढवा. पण अण्णा पहिल्या बाटलीपासूनच थेंब वाचवत होते. दुसरी आल्यावर आणखी वाचवू लागले, तिसरी आल्यावर आणखी. डॉक्टरांना वाटत राहिलं की औषध लागू पडत नाही. औषध डोळ्यात पडतच नव्हतं. महाग चिठ्ठीने दाब वाढवला आणि वाढलेल्या दाबाने चिठ्ठी आणखी महाग केली. या फेऱ्यात डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेली. आता डावीकडून कुणी आलं तर अण्णांना दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा लागतो.

ते डॉक्टर वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांनी तपासणी नीट केली होती, फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूची नजर कुठवर शाबूत आहे ते पाहणारी चाचणी, वेळेवर करून घेतली होती, रोगाचं निदानही त्यांनीच केलं होतं. एकच प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही: "हे परवडतंय का?" आणि तो प्रश्न न विचारताही आपण लिहिलेल्या औषधाचं पुढे काय झालं, हे त्यांना कळेल अशी कोणतीही सोय आपल्या व्यवस्थेत नाही. माझं म्हणणं या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. डॉक्टर कोणत्या गटातलं, कोणत्या किमतीचं औषध किती वेळा लिहितात, हा हिशेब मोजला गेला पाहिजे आणि लोकांसमोर यायला पाहिजे. काचबिंदूपासून त्याची सुरुवात करावी, असं मी म्हणतो त्याला कारण आहे.

हा रोग सहसा दुखत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो कडेकडेने नजर खात येतो आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, त्यामुळे माणूस पेपर वाचत असतो आणि त्याला वाटतं, आपल्याला काही झालेलं नाही. मोतीबिंदूत ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. हातात एवढंच असतं की दाब खाली ठेवायचा आणि उरलेली नजर राखायची. थेंब घातल्याने रुग्णाला बरं वाटत नाही. उलट डोळे चुरचुरतात, लाल होतात. डोकेदुखीची गोळी चुकली की डोकं आठवण करून देतं. हा थेंब चुकला तर काहीच होत नाही, वर्षानुवर्षं काहीच होत नाही, आणि मग एक दिवस फील्ड टेस्टच्या कागदावर काळा भाग वाढलेला दिसतो. अशा औषधाला माणसाने सोडून द्यायला दोन-तीनशे रुपयांचा फरक पुरतो. म्हणून या रोगात बाटलीची किंमत ही उपचारातलीच गोष्ट आहे, दाबाच्या आकड्याइतकीच.

आणि हा मूठभर लोकांचा प्रश्न नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे. दक्षिण भारतात गावोगाव जाऊन केलेल्या पाहण्यांमध्ये सापडलेल्या रुग्णांपैकी दहात नऊहून जास्त जणांना आपल्याला हा रोग आहे हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे निदान होऊन चिठ्ठी हातात पडलेला माणूस हा आधीच नशीबवानांपैकी. त्यालाही आपण मेडिकलच्या काउंटरवर गमावतो.

औषधांकडे पाहिलं तर परिस्थिती खरं तर चांगली असायला हवी. टिमोलॉल १९७८ पासून वापरात आहे. दमा नसेल आणि हृदयाचे ठोके मंद नसतील, तर आजही ते उत्तम औषध आहे आणि बाटली शंभरीच्या आत मिळते. लॅटॅनोप्रॉस्ट १९९६ साली अमेरिकेत आलं. दिवसातून एकदा, रात्री एक थेंब. दाब चांगला उतरतो. त्याचं पेटंट अमेरिकेतही २०११ मध्ये संपलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ३८४ औषधं होती, त्यात लॅटॅनोप्रॉस्टची नव्याने भर पडली. त्यामुळे त्याच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा लागते. (त्याची एक अडचण मात्र सांगायला हवी. न उघडलेली बाटली थंड ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये अकोला-चंद्रपूरकडे ती दुकानापर्यंत आणि दुकानातून घरापर्यंत कशी पोचत असेल, याची काळजी चिठ्ठी लिहिणाऱ्यानेही करायला हवी. फ्रिज नसलेल्या घराला थोडं महाग पण उन्हात टिकणारं औषध देणं हा शहाणपणाच आहे.)

मग बिल १,४०० पर्यंत कसं जातं? दोन वाटांनी. पहिली वाट संयोगाची. दोन औषधं एकाच बाटलीत आली की ती बाटली यादीत नसते, म्हणून यादीतली कमाल किंमत तिला लागू होत नाही. एका बाटलीत दोन औषधं असणं रुग्णाला सोयीचं असतं, हे खरं आहे. थेंबांची संख्या कमी होते, दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं थांबावं लागत नाही. पण ती सोय कुणाला हवी आणि कुणाला पैसे वाचवणं जास्त गरजेचं आहे, हे रुग्णाला विचारूनच ठरवता येतं. दुसरी वाट ब्रँडची. अमेरिकेत मूळ कंपनीचं औषध आणि जेनेरिक अशी सरळ फाळणी आहे. आपल्या मेडिकलच्या कपाटात काचबिंदूची जी नावं दिसतात, त्यातली बहुतेक सगळी जेनेरिकच असतात, फक्त प्रत्येकाला एकेका कंपनीने आपलं नाव दिलेलं असतं. औषध तेच, प्रमाण तेच, बाटली तेवढीच, आणि छापील किमतीत दुपटीचा फरक. अण्णांच्या दुसऱ्या बाटलीच्या जागी तेच दोन घटक असलेली दुसऱ्या कंपनीची बाटली मी त्याच दुकानात हातात घेऊन पाहिली. १६० रुपयांनी स्वस्त होती.

"मग ही द्या," मी म्हणालो. मेडिकलवाला सज्जन माणूस. म्हणाला, "नाही देता येत साहेब, चिठ्ठीवर नाव हे आहे." तो बरोबर बोलत होता. औषध नियम १९४५ मधला ६५व्या नियमाचा ११-अ हा उपनियम असं सांगतो की शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाची चिठ्ठी आली तर दुकानदाराने त्याऐवजी दुसरं उत्पादन द्यायचं नाही, त्यात तेच औषध असलं तरी नाही. म्हणजे डॉक्टरांच्या पेनातून जे नाव उतरलं, ते महिन्यामागून महिने, कित्येकदा जन्मभर रुग्णाच्या मानगुटीवर. लिहिणारा पैसे देत नाही, देणारा निवडू शकत नाही आणि विकणारा बदलू शकत नाही. अशा बाजारात किंमत खाली येणार कशी?

त्याच दुकानात, त्याच काउंटरवर मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि तेव्हापासून मला हा लेख लिहायचा होता. काळी बॅग खांद्याला अडकवलेला एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, आला, पाणी प्यायला, आणि वहीत काहीबाही लिहून घेऊ लागला. कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या इकडे येतात, त्यात आमचा ब्रँड किती, समोरच्या कंपनीचा किती. औषध कंपन्यांच्या भाषेत याला आरसीपीए म्हणतात, म्हणजे दुकानात जाऊन केलेली चिठ्ठ्यांची मोजदाद. हे चोरून होत नाही, एमआरच्या रोजच्या कामाचा तो भाग आहे. कोणता डॉक्टर कोणता थेंब किती लिहितो, हे कंपनीला ठाऊक असतं आणि त्यावरून कुणाकडे जास्त फेऱ्या मारायच्या हे ठरतं. रुग्णाला ते ठाऊक नाही. सरकारला ठाऊक नाही. स्वतः डॉक्टरांनाही आपल्याच लिहिण्याचा एकूण आकडा ठाऊक नसतो.

म्हणून "डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा हिशेब ठेवणं म्हणजे त्यांच्या कामात नाक खुपसणं" असं कुणी म्हणालं की मी त्यांना त्या काउंटरवर घेऊन जाऊ इच्छितो. हिशेब आजही ठेवला जातो. प्रश्न फक्त तो कुणासाठी ठेवला जातो, एवढाच आहे.

अमेरिकेने हा हिशेब उघड केला आहे. तिथे ६५च्या पुढच्या नागरिकांसाठीच्या मेडिकेअर योजनेत २००६ पासून औषधांचाही खर्च मिळतो. ज्या अर्थी पैसे सरकार देतं, त्या अर्थी कागद सरकारकडे असतात. एप्रिल २०१५ मध्ये त्यांनी २०१३ची सगळी माहिती डॉक्टरवार प्रसिद्ध केली आणि पुढेही ती येत राहिली. एकेका ओळीत डॉक्टरांचं नाव, गाव, विषय, औषधाचं ब्रँडचं आणि मूळ नाव, किती वेळा लिहिलं, किती दिवसांचं दिलं, एकूण खर्च किती. अकरापेक्षा कमी वेळा लिहिलेलं औषध त्यात दाखवत नाहीत, म्हणजे एखाददुसऱ्या रुग्णाची ओळख फुटायला नको. रुग्णाचं नाव कुठेच नसतं. घरी बसून कुणालाही पाहता येतं की अमुक शहरातले एक नेत्रतज्ज्ञ बहुतेकांना लॅटॅनोप्रॉस्ट आणि टिमोलॉल देतात आणि दुसरे २०१७ नंतर आलेली, बाटलीला दोनशे डॉलरहून जास्त पडणारी नवी औषधं हातचं न राखता लिहितात.

ही माहिती उघडी झाल्यावर काय झालं? मिशिगन विद्यापीठातल्या नेत्रतज्ज्ञांनी ती घेऊन आपल्याच व्यवसायाचा हिशेब मांडला आणि २०१८ मध्ये छापला. २०१३ या एका वर्षात डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांवर मेडिकेअरचे २.४ अब्ज डॉलर गेले होते आणि त्यातला अर्ध्याहून जास्त खर्च काचबिंदूच्या औषधांचा होता. इतर सगळ्या डॉक्टरांच्या औषधांत ब्रँडेड औषधांचा वाटा २३ टक्के होता, डोळ्यांच्या डॉक्टरांचा ३८ टक्के. जिथे जमेल तिथे स्वस्त पर्याय दिला असता तर वर्षाला सुमारे ८८ कोटी डॉलर वाचले असते, असं त्यांनी काढलं. ही टीका बाहेरच्या कुणी केली नव्हती, डॉक्टरांनीच केली होती, कारण त्यांच्या हातात आकडे होते. आपल्या पुण्या-मुंबईतल्या, मिरज-छत्रपती संभाजीनगरच्या मेडिकल कॉलेजांमधल्या नेत्रतज्ज्ञांना असा अभ्यास करायची इच्छा नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे आकडेच नाहीत.

तिथे दुसरीही एक माहिती उघड असते: कंपनीने कोणत्या डॉक्टराला किती डॉलरचं जेवण, भाडं, मानधन दिलं. ही दोन्ही माहिती एकत्र ठेवून २०१६ मध्ये एक अभ्यास झाला. तो डोळ्यांच्या औषधांचा नव्हता, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि नैराश्याच्या औषधांचा होता. सरासरी २० डॉलरच्या आतलं एक जेवण घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतही त्या कंपनीच्या ब्रँडचं प्रमाण जास्त दिसलं, आणि जेवणं वाढतील तसं आणखी जास्त. जेवणामुळेच हे झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, हे अभ्यास करणाऱ्यांनीच म्हटलं आहे. पण एका थाळीची माहितीही लोकांसमोर ठेवणारी व्यवस्था आणि आपली व्यवस्था यांत अंतर केवढं आहे! आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींवर कंपन्यांना आयकरात सूट मागता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये औषधविक्रीची नवी आचारसंहिता आली, त्यात भेटवस्तू आणि परदेशवाऱ्या यांना मनाई आहे. पण तक्रार ऐकायची ती कंपन्यांच्याच संघटनांच्या समितीने. कुणी काय घेतलं याची यादी रुग्णाला पाहायला मिळत नाही.

मूळ औषधाचं नाव लिहा, असा नियम आपल्याकडे आहेच. वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांत तो होता, २०१६ मध्ये तो अधिक स्पष्ट केला गेला. २ ऑगस्ट २०२३ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याला शिक्षेची जोड दिली आणि तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित केले. डॉक्टरांच्या संघटनेने तेव्हा घेतलेला एक आक्षेप मला पटतो. डॉक्टरने नुसतं औषधाचं नाव लिहिलं तर कंपनी निवडायचा अधिकार दुकानदाराकडे जातो आणि तो ज्यात मार्जिन जास्त ती बाटली देणार. रुग्णाला त्यातून काही मिळायची खात्री नाही. म्हणूनच मी नियमाचा बडगा मागत नाही, उजेड मागतो. डॉक्टरने ब्रँड लिहावा, खुशाल लिहावा, पण तो का लिहिला आणि त्याच औषधाचा स्वस्त ब्रँड का नाही, हे दिसावं.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप दर्जाचा. "स्वस्तातलं औषध हलकं निघालं आणि डोळा गेला तर?" हा प्रश्न डॉक्टर मनापासून विचारतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या एका कारखान्यात बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांमुळे अमेरिकेत जंतुसंसर्ग पसरला. ८१ रुग्ण, चौघांचा मृत्यू, चौदा जणांची दृष्टी गेली. डोळ्यात घालायचं औषध निर्जंतुक नसेल तर काय होतं, हे त्याने दाखवलं. पण यातून "महाग ते चांगलं" असं निघत नाही. बाटलीवरची किंमत निर्जंतुकीकरणाची हमी देत नाही. ती हमी कारखान्याची तपासणी देते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेली, १९९२ साली सुरू झालेली ऑरोलॅब डोळ्यांत बसवायची भिंगं आणि थेंब परवडणाऱ्या दरात बनवते आणि ती भिंगं जगभर वापरली जातात. डॉक्टरांना एखाद्या कंपनीचा थेंब लागू पडत नाही असा अनुभव येत असेल तर तो अनुभवही मोजला जायला हवा. शंभर नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि दाबाचे आकडे एकत्र आले तर कोणती स्वस्त बाटली कामाची आणि कोणती नाही, हे वर्षभरात कळेल. आज तो अनुभव प्रत्येकाच्या डोक्यात वेगवेगळा पडून आहे आणि त्याचा उपयोग फक्त महाग ब्रँडला होतो.

स्वस्त करण्यालाही एक तळ असतो, हेही मान्य करायला हवं. पिलोकार्पिन हे काचबिंदूचं फार जुनं औषध. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारला आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, त्यात पिलोकार्पिनचे २ टक्क्यांचे थेंबही होते. कंपन्यांना ते बनवणं परवडत नव्हतं. किंमत इतकी दाबली की औषधच बाजारातून नाहीसं झालं, तर त्यात कुणाचंच भलं नाही. किमतीवरच्या मर्यादेने सगळं सुटेल असं मी म्हणूनच म्हणत नाही.

"नावानिशी आकडे छापले तर चांगल्या डॉक्टरांची बदनामी होईल," हा तिसरा आक्षेप. यात अर्धं सत्य आहे. मोठ्या शहरातल्या काचबिंदू-तज्ज्ञाकडे येणारे रुग्ण आधीच दोन-तीन औषधांवर असतात, त्यांची चिठ्ठी महाग असणारच. तालुक्याच्या डॉक्टरांशी त्यांची तुलना करणं अन्यायाचं होईल. म्हणून सुरुवातीला नावं नकोत, असं माझं मत आहे. आधी प्रत्येक डॉक्टराला फक्त त्याचा स्वतःचा आकडा आणि त्याच्याकडे येतात तशाच रुग्णांवर काम करणाऱ्या बाकीच्यांची सरासरी कळवावी. इंग्लंडमध्ये सरकारी व्यवस्थेतल्या प्रत्येक दवाखान्याने काय लिहिलं हे दर महिन्याला जाहीर होतं. तिथेही एकेका डॉक्टरचं नाव नसतं, दवाखान्याचं असतं. आपणही तिथून सुरुवात करू शकतो.

अडचण अशी की अमेरिका-इंग्लंडमध्ये औषधाचे पैसे सरकारकडून जातात, म्हणून कागद उरतो. आपल्याकडे २०२१-२२ मध्येही आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेले, आणि बाहेरच्या बाहेर घ्यायच्या औषधांचा भार तर बहुतेक खिशावरच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, काचबिंदूचं ऑपरेशन तिच्यात बसतं, पण रोज रात्री घालायचा थेंब बसत नाही, कारण त्यासाठी कुणी दाखल होत नाही. मेडिक्लेमचंही तेच. नजर जाऊ नये म्हणून महिन्याला पाचशे रुपये द्यायला कुणी तयार नाही आणि दाब हाताबाहेर गेल्यावर ऑपरेशनला हजारो रुपये द्यायला सगळे तयार आहेत. हे उलटं आहे आणि ते बदलायला नवा शोध लावावा लागत नाही.

पण काही कागद आपल्याकडेही आहेतच. सीजीएचएस या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे दवाखाने मुंबई, पुणे, नागपूरला आहेत. तिथे केंद्र सरकारच्या पेन्शनरांना काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं सरकारी पैशातून मिळतात. कामगारांच्या विम्याची ईएसआयसी आहे, रेल्वेची रुग्णालयं आहेत, माजी सैनिकांची ईसीएचएस आहे. ही सगळी आपल्या करातली किंवा वर्गणीतली रक्कम आहे. कोणत्या केंद्रात काचबिंदूच्या किती रुग्णांना पहिल्याच भेटीत कोणतं औषध दिलं गेलं आणि एका रुग्णामागे वर्षाला किती खर्च आला, एवढं एक पान दरवर्षी जाहीर करायला त्यांना कोणताही नवा कायदा नको. त्या एका पानावरून खासगी दवाखान्यातल्या रुग्णाला निदान एक माप मिळेल: माझं बिल यापेक्षा तिप्पट का?

खासगी डॉक्टरांच्या संगणकावर औषध निवडताना त्यासमोर किंमत दिसावी, एवढंही पुष्कळ होईल. मी ज्या दोन-चार नेत्रतज्ज्ञांशी बोललो, त्यांतल्या एकालाही आपण लिहिलेल्या तीन बाटल्यांची बेरीज तोंडपाठ नव्हती. एकजण आकडा ऐकून गप्प झाले. दवाखान्याच्याच खालच्या मजल्यावर मेडिकल असेल आणि चिठ्ठीतला ब्रँड फक्त तिथेच मिळत असेल, तर तो प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रुग्णालयातल्या दुकानांबाबत धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं. राज्याने ते करताना डोळ्यांच्या दवाखान्यांकडे वेगळं लक्ष द्यावं, कारण इथला ग्राहक एकदा आला की जन्मभर येत राहतो.

लेझरबद्दलही रुग्णाला आधीच सांगितलं पाहिजे. इंग्लंडमध्ये २०१९ साली एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यात सुरुवातीलाच एसएलटी नावाचं लेझर केलेल्या रुग्णांपैकी ७४ टक्के जण तीन वर्षांनी थेंबांशिवाय होते आणि त्यांचा दाब आटोक्यात होता. २०२२ पासून तिथे काही प्रकारच्या काचबिंदूत पहिला उपचार म्हणून लेझर सुचवतात. आपल्याकडे अरुंद कोनाचा, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाटच चिंचोळी असलेला, काचबिंदू बराच आहे, तिथे हे लेझर चालत नाही, आणि ते यंत्रही सगळीकडे नाही. पण ज्याला चालेल त्याला कुणी विचारलं का? अण्णांना विचारलं नव्हतं.

किती परवडतं, हे मात्र पुढे ज्यांच्याकडे अण्णांना नेलं त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांनी सगळ्यात आधी बाटल्या मागितल्या, त्यांच्यावरच्या तारखा पाहिल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "काका, दरमहा किती जमेल ते सांगा, त्यात बसवू." अण्णा म्हणाले, "पाचशे." दमा नाही, ईसीजी ठीक, म्हणून टिमोलॉल आणि लॅटॅनोप्रॉस्ट, दोन्ही स्वस्तातल्या पण त्यांना भरवशाच्या वाटणाऱ्या कंपन्यांचे. बिल ४६० रुपये. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही आणि एका थेंबाने काम होतं, दुसरा टाकून वाया घालवायचा नाही, हे त्यांनी करून दाखवलं. अण्णांनी कॅलेंडरवर रोज दोन खुणा करायला सुरुवात केली, सकाळी एक, रात्री एक. चार महिन्यांनी दाब १५ आणि १६ आला.

डाव्या डोळ्याची गेलेली बाजू मात्र तशीच आहे. आजोबांशी बोलायचं तर उजवीकडे बसायचं, हे आता माझ्या पाच वर्षांच्या पुतण्यालाही कुणी सांगावं लागत नाही.